पडद्यावरचा पसारा

अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर १९९४ मध्ये एका खटल्याचा निकाल देताना एक साधी गोष्ट नोंदवली. संगणकाच्या पडद्यावर एकाहून जास्त खिडक्या दाखवायच्या तर मुळात रीती दोनच आहेत: शेजारी शेजारी मांडायच्या, नाहीतर एकीवर एक चढू द्यायच्या. जिथे वाटाच दोन, तिथे त्यातली एक कोणा एकाच्या मालकीची कशी होणार? ॲपल विरुद्ध मायक्रोसॉफ्ट हा तो खटला. सहा वर्षांहून जास्त चालला आणि ॲपल हरली. पण या दोन रीतींपैकी बरी कोणती, हा वाद खटल्याच्या आधीपासून चालत आला होता आणि निकालाने तो मिटलाही नाही. न्यायाधीशांना मालकी ठरवायची होती. वापरणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा होता. पडद्यावर पसारा होणार हे ठरलेलंच. तो आवरायचा कोणी, माणसाने की यंत्राने?

साठच्या दशकात हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. बहुतेक लोक भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात देत आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापलेलं उत्तर घेऊन जात. ज्यांना यंत्राशी थेट बोलण्याची सोय होती त्यांच्यापुढे टेलिटाइप असे. त्यात कागदाची एकच पट्टी ओळीमागून ओळ सरकत जाई आणि कामही एका वेळी एकच. या चाकोरीला पहिला जाहीर धक्का बसला तो ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तास प्रात्यक्षिक दाखवलं. हातात माऊस होता आणि मोठ्या पडद्याचे भाग पाडलेले होते. एका भागात मजकूर, तर दुसऱ्यात तीसेक मैलांवरच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा. अर्थात ही पडद्याची नुसती वाटणी होती. कागद उचलून दुसऱ्या कागदावर ठेवावा, तसा एक भाग उचलून दुसऱ्यावर ठेवण्याची कल्पना अजून यायची होती.

ती आली पालो आल्टोत. झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये तिथे संशोधन केंद्र उघडलं. ते ‘पार्क’ या नावाने ओळखलं गेलं. फोटोकॉपीच्या धंद्यात रग्गड कमावणाऱ्या कंपनीला उद्याचं कार्यालय बिनकागदाचं झालं तर आपलं कसं व्हायचं, ही चिंता होती, आणि त्या चिंतेपोटी तिने हुशार माणसं गोळा करून त्यांना मोकळं सोडलं. या केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा, साधारण टंकलेखनाच्या कागदाएवढा: आडवे ६०६ ठिपके, उभे ८०८. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, हे मेमरीत स्वतंत्र नोंदलेलं. गुणाकार केला तर नुसतं पडद्यावरचं चित्र धरून ठेवायला ६० किलोबाइट लागत, आणि आल्टोची मूळ मेमरी होती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ निम्मं यंत्र आरशापुढे उभं! मेमरी सोन्याच्या भावाने मिळत होती त्या काळात ही उधळपट्टीच. पण या उधळपट्टीमुळेच पडद्यावर कुठेही काहीही काढता येऊ लागलं.

ॲलन के या केंद्रातल्या ‘लर्निंग रिसर्च ग्रुप’चे प्रमुख होते. लहान मुलांनाही वापरता येईल असा पुस्तकाएवढा संगणक त्यांना हवा होता, आणि त्यासाठी त्यांचा गट ‘स्मॉलटॉक’ नावाची भाषा आणि तिचा सगळा परिसर उभा करत होता. त्यांच्यापुढची अडचण अगदी व्यावहारिक होती. एका कागदाएवढ्या पडद्यावर प्रोग्रॅम, त्याचं चित्र आणि मजकूर, सगळं एकत्र मावायचं कसं? भाग पाडत गेलं तर प्रत्येकाच्या वाट्याला चिंधी येणार. मग टेबलावर करतो तसंच का करू नये? कागद एकावर एक ठेवायचे. हवा तो वर ओढायचा, बाकीच्यांच्या कडा दिसत राहतील. एकीवर एक चढणाऱ्या खिडक्या जन्मल्या त्या अशा, जागेच्या टंचाईतून. पुढे पडदे मोठे झाले तेव्हा त्या मोठेपणाची खूण वाटू लागल्या, हा योगायोग गमतीचा आहे.

याच केंद्रात लॅरी टेस्लर यांनी आणखी एक गोष्ट पकडली होती. तेव्हाचे प्रोग्रॅम माणसाला एका अवस्थेत कोंडून ठेवत. मजकूर लिहिण्याच्या अवस्थेत असताना फाईल शोधायची झाली की आधी लिहिणं सोडा, बाहेर या, शोधा, परत आत जा. टेस्लर यांचा या कोंडण्यावर इतका राग होता की त्यांच्या गाडीच्या नंबरपाटीवरही ‘नोमोड्स’ अशी अक्षरं होती. खिडक्यांमुळे हातातलं काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळता येत होतं, आणि परत आल्यावर पहिलं काम होतं तिथेच वाट पाहत असे. ऑगस्ट १९८१ च्या ‘बाइट’ मासिकाच्या स्मॉलटॉक अंकात त्यांनी हे विस्ताराने मांडलं आहे. माझ्या मते खिडक्यांचं खरं देणं हेच. सजावट, सावल्या, गोलसर कोपरे नंतर आले.

कल्पना सुचणं वेगळं आणि ती वेगाने चालवणं वेगळं. खिडकी हलवायची म्हणजे हजारो ठिपके एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकायचे. एकेक ठिपका नेत बसलं तर डोळ्यांदेखत रांगोळी काढल्यासारखं दिसणार. पार्कमध्ये १९७५ मध्ये डॅन इंगॉल्स आणि डायना मेरी यांनी ठिपक्यांचा आयताकृती तुकडा एका फटक्यात हलवणारी क्रिया घडवली. ‘बिटब्लिट’ हे तिचं नाव. पुढची अनेक वर्षं पडद्यावरची बहुतेक हालचाल या एका युक्तीच्या किंवा तिच्या वंशजांच्या जिवावर चालली. तरी एक उणीव उरली. स्मॉलटॉकमध्ये सगळ्यांत वरच्या खिडकीतच काम चाले. खाली दबलेली खिडकी गप्प. तिच्यात काही बदलायचं असेल तर आधी क्लिक करून ती वर आणावी लागे.

ही उणीव भरून निघाली ती एका गैरसमजातून. डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज आणि ॲपलचे काही अभियंते पार्कमध्ये आले. झेरॉक्सला ॲपलचे शेअर बाजारात येण्याआधी विकत घेण्याची संधी मिळाली होती, त्या व्यवहाराच्या बदल्यात हे दर्शन. स्मॉलटॉक गटातल्या ॲडेल गोल्डबर्ग यांचा याला कडाडून विरोध होता. आपण घरातली चांदीच दाखवतो आहोत हे त्यांना कळत होतं. वरून हुकूम आला तेव्हाच त्या तयार झाल्या. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यांत टेस्लर होते, आणि पाहुण्यांची जाण पाहून ते इतके प्रभावित झाले की पुढच्याच वर्षी ॲपलमध्ये गेले.

पाहणाऱ्यांत बिल ॲटकिन्सन होते. घरी परतताना त्यांच्या डोक्यात ठसलं होतं की पार्कच्या पडद्यावर अर्धवट झाकलेल्या खिडक्याही आपापलं चित्र आपोआप दुरुस्त करतात. प्रत्यक्षात त्यांनी हे पाहिलेलंच नव्हतं, कारण ते तिथे होत नव्हतं. पण पार्कवाल्यांना जमलंय म्हणजे आपल्यालाही जमलं पाहिजे, म्हणून ते कामाला लागले. अडचण अशी: चार खिडक्या एकमेकींवर वेड्यावाकड्या पडल्या की सर्वांत खालचीचा उघडा भाग आयत राहत नाही, त्याला कोपरे फुटतात, मध्ये भोकं पडतात. अशा भलत्या आकाराचा हिशेब दर क्षणी ठेवायचा आणि रंगवायचं तर फक्त तेवढंच. ॲटकिन्सन यांनी आकाराची कड जिथे बदलते तेवढ्याच जागा नोंदवण्याची फार काटकसरी रीत काढली. तिला त्यांनी ‘रीजन’ म्हटलं. आधी लिसा आणि मग मॅकिंटॉश या संगणकांची सगळी चित्रकारी तिच्यावर उभी राहिली. मॅकिंटॉश घडवणाऱ्यांपैकी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी त्या दिवसांची एक आठवण लिहून ठेवली आहे. ॲटकिन्सन यांची गाडी एका ट्रकला धडकली आणि ते रुग्णालयात होते. जॉब्ज धावत भेटायला गेले, तेव्हा अंथरुणातूनच ॲटकिन्सन यांनी त्यांना दिलासा दिला की काळजी नको, रीजन कसे करायचे ते मला अजून आठवतंय!

आता गंमत पाहा. ज्या झेरॉक्सच्या घरात चढत्या खिडक्या जन्मल्या, त्या झेरॉक्सने १९८१ मध्ये ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणताना त्यांना नकार दिला. स्टारमध्ये कागदपत्रांच्या खिडक्या शेजारी शेजारीच उघडत. कारण निरीक्षणातून आलेलं होतं: चढत्या खिडक्या वापरणारे लोक बराच वेळ त्या सरकवण्यात घालवतात, आणि सरकवतात कशासाठी, तर बहुधा त्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणूनच. मग यंत्रानेच नीट मांडून दिल्या तर काय वाईट? शिवाय स्टारचा पडदा १७ इंची, जागा भरपूर. तर्क बिनतोड होता, वापरणाऱ्यांना मात्र तो जाचक वाटला. पुढच्या आवृत्तीत खिडक्या चढू देण्याची मुभा द्यावी लागली. स्टारची किंमत मात्र १६ हजार डॉलरच्या वर होती आणि एकटा स्टार घेऊन भागत नसे, त्यामुळे हा अनुभव फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचला.

जानेवारी १९८३ मध्ये लिसा आली, ९,९९५ डॉलरला. एका वर्षाने, २४ जानेवारी १९८४ रोजी, मॅकिंटॉश आला, २,४९५ डॉलरला. मेमरी १२८ किलोबाइट, पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेत खिडक्या एकमेकींवर चढत होत्या खऱ्या, पण मुख्य प्रोग्रॅम एका वेळी एकच चाले. कोणतंही काम सोडून कुठेही वळण्याचं टेस्लर यांचं स्वप्न काटकसरीच्या मशीनमध्ये अर्धंच उतरलं होतं.

मायक्रोसॉफ्टने १० नोव्हेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘विंडोज’ची घोषणा केली, पण हातात काही द्यायला दोन वर्षं लागली. २० नोव्हेंबर १९८५ रोजी आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या फरशीच्या लाद्यांसारख्या चिकटून बसत. नवी उघडली की जुन्या आकसून तिला जागा देत. तिच्या रचनेची धुरा काही काळ स्कॉट मॅकग्रेगर यांच्याकडे होती आणि ते आले होते पार्कमधून. म्हणजे झेरॉक्सच्या घरातलाच लाद्यांचा विचार इथे उतरला. पण मधल्या काळात मॅकने लोकांची नजर बदलली होती. लाद्यांचा पडदा गिचमिड आणि अडाणी वाटू लागला, आणि त्या वेळच्या पीसीचा वेग पाहता तो कूर्मगतीचाही होता.

त्याच आठवड्यात, २२ नोव्हेंबर १९८५ रोजी, ॲपलने एका करारावर सही केली आणि पुढच्या सगळ्या कटकटीचं बीज पेरलं. पहिल्या विंडोजमधल्या दृश्यांचा मॅकशी दिसणारा सारखेपणा मान्य करून ती वापरण्याचा परवाना त्यात मायक्रोसॉफ्टला दिला होता, आणि तोही सध्याच्या नि भविष्यातल्या प्रोग्रॅमसाठी. ॲपलच्या समजुतीनुसार हा परवाना लाद्यांच्या विंडोजपुरता होता. मग डिसेंबर १९८७ मध्ये विंडोजची दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्या खिडक्या बिनदिक्कत एकमेकींवर चढत होत्या.

१७ मार्च १९८८ रोजी ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि ह्यूलेट-पॅकार्ड या दोघांना न्यायालयात खेचलं. ॲपलने साम्याची १८९ दृश्यं मांडली. न्यायाधीश विल्यम श्वार्झर यांनी १९८९ मध्ये त्यातली १७९ जुन्या कराराच्या पोटात घालून टाकली. उरली दहा, आणि त्यांत चढत्या खिडक्या होत्या. दरम्यान डिसेंबर १९८९ मध्ये झेरॉक्स जागी झाली आणि तिने ॲपलवर दावा ठोकला. तो बहुतांशी फेटाळला गेला, पण ॲपलची पंचाईत जगाला दिसायची ती दिसलीच. पुढचे न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी उरलेल्या दहांचीही चिरफाड केली. खिडक्या मांडण्याच्या रीती दोनच, मग त्यांतली एक ही कल्पनाच झाली; आणि कल्पनेला कॉपीराइट नसतो, फक्त ती मांडण्याच्या विशिष्ट रूपाला असतो. सुरुवातीला सांगितलेला १९९४ चा निकाल यावरचाच. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि चढत्या खिडक्या सगळ्यांच्या झाल्या.

वकील मालकीवर भांडत होते तेव्हा संशोधक घड्याळ लावून बसले होते. १९८६ मध्ये सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी दोन्ही रीतींची तुलना प्रसिद्ध केली. मजकूर नीट चौकटीत बसणारा असेल, तर लाद्यांसारख्या खिडक्यांत काम लवकर होत होतं. मजकूर आडवातिडवा पसरलेला असेल, तर सरावलेले लोक चढत्या खिडक्यांत पुढे जात, नवखे मात्र तिथेही अडखळत. म्हणजे उत्तर कामावर आणि कर्त्यावर अवलंबून. बाजाराला असली उत्तरं परवडत नाहीत. त्याच वर्षी पार्कमधल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी ‘रूम्स’ मांडलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की माणूस एका कामासाठी ठरावीक चार-पाच खिडक्या आलटूनपालटून वापरतो, आणि काम बदललं की तो संचच बदलतो. मग प्रत्येक कामाला स्वतंत्र दालन का नको? आज ज्याला व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात तो हाच. विंडोजमध्ये तो सोय म्हणून अंगभूत यायला २०१५ उजाडलं.

बॉस्टनजवळच्या एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या ‘एक्स’ या प्रणालीने तर वादात पडायचंच नाकारलं. खिडक्या काढणं माझं काम, त्या कशा मांडायच्या ते दुसऱ्या प्रोग्रॅमला विचारा, अशी तिची भूमिका. त्यामुळे युनिक्स आणि पुढे लिनक्सवाल्यांना खिडक्यांचा कारभारी हवा तसा बदलता आला. लाद्यांचा पंथ बाजारातून हद्दपार झाला, पण तिथे तो टिकून राहिला, वाढला. ‘डीडब्ल्यूएम’, ‘आयथ्री’ ही त्याची अलीकडची घराणी.

चढत्या खिडक्या जिंकल्या, पण त्यांच्याबरोबर एक नवाच त्रास घरोघरी गेला: खिडकी हरवणं. विंडोज ३.१ मध्ये खिडकी मिनिमाइज केली की तिचा आयकॉन पडद्याच्या तळाशी जाऊन बसे, आणि त्यावर दुसरी खिडकी आली की तोही दिसेनासा होई. मायक्रोसॉफ्टच्या चाचण्यांत नवख्यांना वाटे की प्रोग्रॅम बंद झाला. ते तो पुन्हा उघडत, मग पुन्हा. एकच प्रोग्रॅम तीनदा चालू आणि यंत्र गळाठलेलं. केंट सलिव्हन यांनी १९९६ च्या एका निबंधात हे सगळं प्रांजळपणे मांडलं आहे. यातून निघालेला उपाय म्हणजे टास्कबार. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं आणि पडद्याच्या तळाशी एक पट्टी कायमची वस्तीला आली. जेवढ्या खिडक्या उघड्या तेवढी बटणं, आणि खिडकी कुठेही दडली तरी बटण जागेवर. खिडक्या चढत्याच राहिल्या, पण त्यांची हजेरी घेणारी ती पट्टी त्यांच्याखाली दबत नव्हती. बंद करण्याचं फुलीचं बटणही उजव्या कोपऱ्यात तेव्हाच आलं. साध्या माणसाच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध मी टास्कबारलाच म्हणेन. कोणी त्याच्यासाठी खटला लढला नाही ते सोडा.

महाराष्ट्रात नव्या शतकाच्या सुरुवातीला ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग गावोगाव निघाले. सरकारी नोकरीला संगणकाचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि शिक्षक, तलाठी, नुकतीच बारावी झालेली मुलं एका रांगेत बसून मिनिमाइज, मॅक्झिमाइज, रिस्टोअर शिकली. मराठी माणसाला खिडक्यांची ओळख झाली ती बहुतांशी या टास्कबारसकट.

पुढचा बदल डोळ्यांआड झाला. तोवर खिडकी उघडी पडली की तिच्या प्रोग्रॅमला सांगावं लागे, बाबा, एवढा भाग पुन्हा रंगव. प्रोग्रॅम अडकलेला असला की पडद्यावर पांढरे डाग आणि खिडक्यांच्या शेपट्या उमटत. २००१ च्या मॅक ओएस एक्सने प्रत्येक खिडकीचं पूर्ण चित्र मेमरीत वेगळं ठेवायला सुरुवात केली. ते एकत्र करून पडदा रंगवणारा एकच. आल्टोला निम्मी मेमरी द्यावी लागली होती ती एका पडद्यासाठी, आता खिडकीगणिक तेवढी उधळपट्टी सहज परवडत होती. चित्र हाताशी असल्यामुळे २००३ मध्ये ॲपलने ‘एक्सपोझे’ आणलं. एक कळ दाबली की सगळ्या खिडक्या लहान होऊन शेजारी शेजारी पसरत, हवी ती निवडली की पुन्हा ढीग. शोधताना लाद्या, काम करताना चढाओढ.

मग पडदे रुंद झाले. रुंद पडद्यावर एकच पानभर खिडकी ताणून ठेवणं वेडेपणाचं, म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये खिडकी कडेला ढकलली की ती बरोबर अर्ध्यात बसू लागली. १९८५ मध्ये हिणवलेली मांडणी मागच्या दाराने परत आली आणि या वेळी तिचं कौतुक झालं. २०१२ च्या विंडोज ८ ने मात्र टॅब्लेटच्या धाकाने खिडक्याच मोडीत काढायला घेतल्या. नव्या धाटणीचे प्रोग्रॅम पडदा व्यापून बसत, फार तर शेजारी एक चिंचोळी पट्टी. नाव विंडोज आणि खिडक्यांना मज्जाव! ग्राहकांनी नाराजी स्वच्छ कळवली आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्या प्रोग्रॅमनाही साध्या खिडक्या मिळाल्या. २०२१ च्या विंडोज ११ ने मांडणीचे तयार नमुनेच पुढे केले, आणि मॅकने खिडक्या कडेला बसवण्याची तशी सोय २०२४ मध्ये दिली.

आयपॅडचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेने झाला. २०१० मध्ये तो आला तेव्हा एका वेळी एकच ॲप, पडदाभर, हेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून मिरवलं गेलं. २०१५ मध्ये पडद्याचे दोन भाग पडले, २०२२ मध्ये काही आयपॅडवर खिडक्या जरा एकमेकींवर सरकू लागल्या, आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये त्या मोकळ्या सुटल्या: कोपरा धरून लहानमोठ्या करा, एकमेकींवर चढवा, वरच्या कोपऱ्यात मॅकसारखी लाल, पिवळी आणि हिरवी बटणं. त्यातलं हिरवं दाबून धरलं की मांडणीचे पर्याय उघडतात, आणि त्यांत खिडक्या शेजारी शेजारी लावायचेही आहेत.